प्रकाश मोजायची सोय आपल्या जिल्ह्यातच करा: सांगली-साताऱ्याच्या संस्थाचालकांना खुले पत्र

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील शिक्षणसंस्थांचे संचालक, विज्ञान महाविद्यालयांचे प्राचार्य आणि भौतिकशास्त्र अभ्यास मंडळाचे सन्माननीय सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारणं मागाहून. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी मिळून प्रकाश मोजणारी एक सामाईक प्रयोगशाळा उभी करावी. तिथे कायम पगारावर एक जाणकार तंत्रज्ञ नेमावा. आणि ती संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशीही एमएस्सीच्या मुलामुलींसाठी उघडी राहावी. मी सांगलीत अनेक वर्षं फिजिक्स शिकवते, प्रोजेक्ट करून घेते. सेमीकंडक्टर क्वांटम डॉट, लेसर, प्रकाश आणि पदार्थ यांच्यातला व्यवहार हा माझा विषय. या विषयात आपली मुलं नेमकी कुठे अडतात ते रोज पाहते, म्हणून लिहिते आहे.

आपल्याकडे नॅनो म्हटलं की कामाची रीत ठरलेली आहे. बीकर, मॅग्नेटिक स्टरर, हॉटप्लेट, भट्टी. केमिकल बाथ, सिलार, स्प्रे पायरॉलिसिस अशा थर बसवण्याच्या रासायनिक रीती. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून तालुक्याच्या कॉलेजपर्यंत, रासायनिक पद्धतीने पातळ थर बसवण्याचं कसब या पट्ट्यात पिढ्यांनी कमावलेलं आहे. साध्या सामानावर, कमी खर्चात काचेवर एकसारखा थर बसवणं हे येरागबाळ्याचं काम नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण थर बसला, कण तयार झाले, की पुढे एक्सआरडी (स्फटिकाची रचना दाखवणारी क्ष-किरण चाचणी), जमलं तर एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला फोटो), आणि मग प्रत्येक डिपार्टमेंटच्या व्हरांड्यात ऐकू येणारं ते वाक्य: ‘पीएलला सॅम्पल बाहेर पाठवलंय.’

पीएल म्हणजे फोटोल्युमिनेसन्स. पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकायचा आणि तो उलट कोणता प्रकाश देतो, किती देतो, किती वेळ देतो ते पाहायचं. क्वांटम डॉटच्या बाबतीत ही शेवटची औपचारिक चाचणी नसते, खरं काम तिथूनच सुरू होतं. ते बाहेर पाठवलं म्हणजे प्रोजेक्टचा गाभाच बाहेर पाठवला.

असं का म्हणते ते नीट सांगते. क्वांटम डॉट हा काही नॅनोमीटर आकाराचा सेमीकंडक्टरचा स्फटिक. कॅडमियम सेलेनाइडचा दोन-अडीच नॅनोमीटरचा कण निळसर-हिरवा उजळतो, सहाच्या आसपासचा लाल. पदार्थ तोच, फक्त आकार बदलला. मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्या कारागिराला हे समजायला वेळ लागणार नाही. तार आखूड झाली की स्वर चढतो, तशी इलेक्ट्रॉनला वावरायची जागा आखूड झाली की त्याची ऊर्जा चढते. फरक एवढाच की तार निम्मी केली तर कंपनसंख्या दुप्पट होते, आणि कण निम्मा केला तर कोंडल्यामुळे वाढलेली ऊर्जा जवळजवळ चौपट होते. म्हणूनच अर्ध्या नॅनोमीटरच्या फरकाने रंग बदलतो.

आता हा शोध कसा लागला ते पाहा. रशियात अलेक्सेई एकिमोव रंगीत काचेवर काम करत होते. कॉपर क्लोराइड मिसळलेली काच त्यांनी ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवली, कधी एक तास, कधी ९६ तास. काचेत दोन नॅनोमीटरपासून तीस नॅनोमीटरपर्यंतचे स्फटिक वाढले आणि लहान स्फटिकांनी शोषलेला प्रकाश निळ्याकडे सरकलेला दिसला. हे १९८१ सालचं काम. (कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत ज्यांच्या घरातली माणसं काच कारखान्यात भट्टीवर होती, त्यांना तापवण्याच्या वेळेने काच कशी पालटते हे कोणी शिकवायला नको.) एकिमोवना ठाऊक नसताना अमेरिकेत बेल लॅबमध्ये लुई ब्रूस कॅडमियम सल्फाइडचे कण द्रावणात तयार करत होते. टेबलावर काही काळ राहिलेल्या कणांचे प्रकाशाचे गुण बदललेले त्यांना दिसले. कण वाढले असावेत, अशी शंका त्यांना आली. मग ताजे, साडेचार नॅनोमीटरचे कण आणि साडेबारा नॅनोमीटरचे वाढलेले कण त्यांनी शेजारी शेजारी तपासले. ते १९८३ साल. पुढे १९९३ मध्ये मौंगी बावेंडी यांनी तापलेल्या द्रावकात कच्चा माल एकदम टोचून हव्या त्या आकाराचे, जवळजवळ दोषरहित कण वाढवण्याची रीत बसवली. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

ब्रूस यांच्या गोष्टीत माझ्या मागणीचं सगळं कारण आहे. त्यांनी तीच बाटली पुन्हा मोजली, म्हणून बदल दिसला. समजा त्यांनी ती बाटली कुरिअरने दुसऱ्या गावी पाठवली असती आणि महिन्याने ईमेलवर एकच आलेख आला असता, तर काय दिसलं असतं? आपल्या मुलांचं आज हेच होतं आहे. इथून निघालेलं सॅम्पल वाटेत हलतं, तापतं, उजेडात राहतं. कणांभोवतीचे संरक्षक रेणू सुटतात, पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण होतं, कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. मोजणी होते ती भलत्याच पदार्थाची. आणि ती कोणी केली, कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश टाकून केली, स्लिट, म्हणजे यंत्रात प्रकाश सोडणारी फट, किती उघडी होती, यातलं काहीही त्या मुलीला माहीत नसतं. तिच्या हातात एक पीडीएफ येतं. व्हायव्हाला मी विचारते, हा उजवीकडचा छोटा उंचवटा कशामुळे? ती गप्प राहते, आणि दोष तिचा नसतो.

याचा परिणाम कामाच्या खरेपणावर होतो. आपल्या सांगलीच्या हळदीचंच उदाहरण घ्या. हळद, लिंबू, कढीपत्ता अशा घरच्या वस्तूंपासून कार्बन डॉट, म्हणजे कार्बनचे चमकणारे नॅनोकण, बनवायचे, हा प्रोजेक्टचा फार लाडका विषय आहे, आणि स्वस्त असल्यामुळे तो आपल्याकडे भरपूर होतो. ऑटोक्लेव्हमध्ये रस तापवला, गाळला, यूव्ही दिव्याखाली धरला, चमकला, फोटो काढला. पण हळदीतलं कर्क्युमिन मुळातच चमकतं! ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं आणि पिवळसर-हिरवा देतं. मग बाटलीत चमकतंय ते डॉट की उरलेलं कर्क्युमिन, की तापवताना तयार झालेला तिसराच एखादा रेणू? सायट्रिक आम्लापासून केलेल्या कार्बन डॉटमध्येही चमक बऱ्याच अंशी लहान रेणूंची असू शकते, हे जगभरच्या प्रयोगशाळांनी दाखवून दिलं आहे. याचा निवाडा नुसत्या फोटोने होत नाही. आधी डायलिसिसच्या पिशवीतून शुद्धीकरण हवं. मग वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश टाकून पाहायला हवं, आणि शेवटी ती चमक किती वेळ टिकते ते मोजायला हवं. कर्क्युमिनचा प्रकाश बहुतेक द्रावकांत एका नॅनोसेकंदाच्या (सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या) आत संपतो. चांगले कार्बन डॉट काही नॅनोसेकंद टिकतात. ही एक मोजणी इथे होत असती, तर किती प्रोजेक्टचे निष्कर्ष बदलले असते! मुलांनी कष्ट केले आणि त्यांना खरं उत्तर मिळालंच नाही, याचं मला वाईट वाटतं.

किती वेळ टिकतो, हा माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते.

कॅडमियम सेलेनाइडचा चांगला डॉट प्रकाश शोषल्यानंतर साधारण वीस नॅनोसेकंदांत तो परत देतो. तेवढ्या वेळात प्रकाश हवेतून सहा मीटर जातो, म्हणजे आपल्या एका वर्गखोलीची लांबी. एवढा वेळ मोजायला फार राजेशाही यंत्र लागत नाही. सेकंदाला लाखो स्पंद देणारा ४०५ नॅनोमीटरचा डायोड लेसर, एकेक फोटॉन (प्रकाशाचा कण) टिपणारा डिटेक्टर आणि वेळ नोंदणारं कार्ड. लेसरचा स्पंद निघाला की घड्याळ सुरू, फोटॉन आला की बंद. प्रकाश मुद्दाम इतका मंद ठेवायचा की शंभर स्पंदांमागे एखाद-दुसराच फोटॉन यावा. नाहीतर लवकर आलेलेच फोटॉन मोजले जातात आणि वेळ खोटा कमी दिसतो. लाखो नोंदी जमल्या की उतरता आलेख आपोआप उभा राहतो. ही रीत शिकायला एमएस्सीच्या विद्यार्थ्याला एक आठवडा पुरतो. तो आठवडा त्याला द्यायची सोय मात्र आपल्याकडे नाही.

आणि या मोजणीतून काय हाती लागतं? १९४६ साली एडवर्ड पर्सेल यांनी रेडिओ लहरींच्या संदर्भात एक छोटं टिपण लिहिलं. उत्तेजित अणू किती लवकर ऊर्जा टाकतो हे एकट्या अणूवर ठरत नाही, भोवतालावरही ठरतं, असा त्याचा आशय. पुढे कार्ल ड्रेक्सहागे यांनी ते दृश्य प्रकाशात करून दाखवलं. आरशावर फॅटी आम्लाचे एकेका रेणूच्या जाडीचे थर चढवत गेले, वर युरोपियमचे प्रकाश देणारे रेणू ठेवले. आरशापासूनचं अंतर बदललं तसा प्रकाश देण्याचा काळ कमी-जास्त होत गेला, लाटेसारखा. १९७० पर्यंत हे काम झालेलं होतं. आजची सगळी मोठी कामं, म्हणजे सूक्ष्म पोकळीत ठेवलेला एकटा क्वांटम डॉट, त्याच्यातून एका वेळी एकच फोटॉन काढणं, फोटॉन आणि डॉट एकमेकांत इतके गुंतणं की त्यांना वेगळं म्हणता येऊ नये, ती याच वाटेवरची आहेत.

संस्थाचालक मंडळी, या प्रयोगाला काय लागलं ते पुन्हा वाचा. आरसा, काही नॅनोमीटरच्या हिशोबात बसवलेले पातळ थर, आणि वेळ मोजणारं यंत्र. पहिल्या दोन गोष्टींत आपली मुलं तरबेज आहेत. काचेवर चांदी चढवणं, त्यावर पॉलिमरचा वीस, चाळीस, ऐंशी नॅनोमीटरचा थर स्पिन कोटरवर (काच गरगर फिरवून थर पसरवणाऱ्या यंत्रावर) बसवणं, हे त्यांच्या हातचं काम. अगदी जवळ नेलं तर धातू सगळी ऊर्जा गिळतो आणि चमक विझते, थोडं दूर नेलं तर आरशातून परतलेला प्रकाश डॉटला लवकर किंवा उशिरा रितं करतो, हे त्यांना स्वतःच्या थरावर, स्वतःच्या हाताने पाहता येईल. पर्यावरणाला कमी घातक असे इंडियम फॉस्फाइडचे डॉट किंवा कॉपर इंडियम सल्फाइडचे डॉट घेऊन त्यातून खरंखुरं नवं संशोधन होईल. दोन पिढ्यांचं थर बसवण्याचं कसब आणि आजचं प्रकाशविज्ञान यांच्यामध्ये आपल्याकडे फक्त एका खोलीची उणीव आहे.

काय घेऊ नये तेही स्पष्ट सांगते, कारण मोठ्या यंत्राचा मोह मी पाहिलेला आहे. गॅलियम आर्सेनाइडवर इंडियम आर्सेनाइडचे डॉट वाढवायला सहसा अतिनिर्वात कक्षातलं मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सी, म्हणजे अणूंचे झोत सोडून थर वाढवणारं यंत्र, लागतं. त्यातून दूरसंचाराच्या क्वांटम डॉट लेसरचे कण बनतात, ते आपण इथे करायला जाऊ नये. डॉटमधून लेसर मिळवताना अडथळा होतो तो ओझे प्रक्रियेचा (यात ऊर्जा प्रकाश न होता दुसऱ्या इलेक्ट्रॉनला जाते), ती काही दहा पिकोसेकंदांत सगळं उरकते, आणि तिच्या अभ्यासाला फेम्टोसेकंद लेसर लागतो. तोही नको. त्यासाठी पुणे-मुंबईच्या मोठ्या संस्था आहेत. आपल्याला हवा तो फ्लुरोसन्स स्पेक्ट्रोमीटर, वर सांगितलेली वेळमोजणी, चमकेची कार्यक्षमता काढायला एक इंटिग्रेटिंग स्फिअर, थंड करून मोजायला द्रव नायट्रोजनचा साधा क्रायोस्टॅट, आणि एक चांगलं ऑप्टिकल टेबल. एवढं चालतं ठेवलं तरी खूप झालं.

चालतं ठेवणं हीच खरी अडचण. दोन्ही जिल्ह्यांत अशी डिपार्टमेंट आहेत जिथे अनुदानातून आलेलं महागडं यंत्र कव्हर घालून बसलेलं आहे. दिवा गेला, देखभालीचा करार संपला, चालवणारे सर निवृत्त झाले. म्हणून तंत्रज्ञाच्या कायम पदाचा आग्रह मी यंत्राच्या आधी धरते. ज्याला लेसर रांगेत आणता येतो, डिटेक्टर जळू न देता वापरता येतो, असा माणूस तासिका तत्त्वावर टिकत नाही. त्याला घर चालवता आलं पाहिजे. आणि त्याच्या हाताखाली ‘कमवा आणि शिका’तली मुलं द्या. साताऱ्याच्या मातीत रुजलेली ही योजना आज बहुतेक ठिकाणी बागकाम आणि कार्यालयीन मदतीपुरती उरली आहे. तीच मुलं संध्याकाळी प्रयोगशाळा चालवतील, त्यांना चार पैसेही मिळतील आणि हातही बसेल.

संध्याकाळचा हट्ट कशासाठी? दर २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन साजरा करतो. ज्या रामन परिणामासाठी तो असतो, तो प्रकाश मोजण्यातूनच लागलेला शोध, १९२८ सालचा. सी. व्ही. रामन १९०७ पासून दहा वर्षं अर्थखात्यात नोकरी करत होते, त्यातला बराच काळ कलकत्त्यात, आणि तिथे कचेरीच्या आधी-नंतरच्या वेळात इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत काम करत होते. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली देणग्या गोळा करून ती संस्था उभारली होती. सामाईक, लोकांच्या पैशाची, आणि अवेळी उघडी. लोकवर्गणीतून शिक्षण उभं करणाऱ्या आपल्या भागाला हे नवीन नाही. साखर कारखाने, सहकारी बँका, दूध संघ यांनी शाळांच्या इमारती बांधून दिल्या, त्यांच्याकडे या कामासाठी शब्द टाकता येईल. केंद्राच्या अनुदान योजनाही आहेतच, पण त्या एकेकट्या कॉलेजने अर्ज करण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून केला तर वजन वेगळं पडेल.

जागेबद्दल एक व्यवहारातली गोष्ट. ऑप्टिकल टेबलाला कंप चालत नाही, म्हणून जगभर ते तळमजल्यावर ठेवतात. सांगलीत मात्र तळमजला म्हटलं की कृष्णा आठवते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. तेव्हा जागा पूरपट्ट्याबाहेर, विश्रामबागच्या पलीकडे किंवा मिरज-कुपवाडच्या बाजूला उंचावर पाहावी, किंवा साताऱ्यात. धूळ, दमटपणा आणि विजेचं वरखाली होणं यांची सोय त्यातच होईल.

कॅडमियमचाही विचार इथेच करू. सिंकमध्ये ओतलेलं कॅडमियमचं पाणी शेवटी नदीलाच मिळतं. सामाईक प्रयोगशाळेत कचरा साठवून अधिकृत विल्हेवाटीला देण्याची एकच नीट व्यवस्था करता येईल, जी आज प्रत्येक कॉलेजला स्वतंत्रपणे जमत नाही.

लेसरच्या सुरक्षेचं प्रशिक्षणही तिथेच द्या, आणि ते गावासाठीही खुलं करा. विसर्जन मिरवणुकांतल्या लेसर झोतांनी डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आपण सर्वांनी वाचल्या आहेत. डोळ्याचं भिंग समांतर झोत डोळ्याच्या मागच्या पडद्यावर सूक्ष्म ठिपक्यात गोळा करतं. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. दृश्य झोत १ मिलिवॉटच्या आत असेल तर ती पापणी वाचवते, त्याहून बराच ताकदवान असेल तर पापणी मिटण्याआधीच नुकसान झालेलं असतं. मंडळांना आणि पोलिसांना झोताची ताकद मोजून देणारी जागा आज जिल्ह्यात कुठे आहे?

कोणी म्हणेल, हे सगळं मोठ्या शहरांत होतंय, आपल्याला कशाला? केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मान्यता दिली, २०३०-३१ पर्यंत ६००३ कोटींहून अधिक रकमेची. त्याची चार केंद्रं बेंगळुरूची आयआयएससी आणि मद्रास, मुंबई, दिल्ली इथल्या आयआयटीत आहेत. तिथे पीएचडीला जागा निघतील तेव्हा मुलाखतीत विचारलं जाईल, लेसर कधी रांगेत आणला आहेस का? फायबरमध्ये प्रकाश शिरवला आहेस का? कार्बन डायऑक्साइड लेसर ज्यांनी १९६४ साली दिला ते सी. कुमार पटेल नीरेपलीकडच्या बारामतीत जन्मले आणि पुण्यात इंजिनिअर झाले. आपल्या मुलांची बुद्धी कुठे कमी नाही. हात बसायला लागणारं यंत्र त्यांच्या वाट्याला एमएस्सी संपेपर्यंत येत नाही, आणि हे मला सहन होत नाही.

अभ्यास मंडळाच्या सदस्यांना वेगळी विनंती. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एमएस्सीला संशोधन प्रकल्प आहे. त्यात प्रकाश देणाऱ्या पदार्थावर काम असेल तर विद्यार्थ्याने किमान एक मोजणी स्वतः केलेली असावी, अशी अट घाला, आणि बाहेरून आलेल्या आलेखासोबत मोजणीच्या सर्व अटी जोडणं बंधनकारक करा. याला पैसा लागत नाही. पुढच्या बैठकीत ठराव होऊ शकतो.

प्राचार्यांनी आपापल्या डिपार्टमेंटमधल्या स्पेक्ट्रोमीटर, लेसर, डिटेक्टर, निर्वात पंप यांची चालू-बंद अशी यादी येत्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी करून घ्यावी. माझा अंदाज आहे की निम्मं सामान आपल्याच कपाटांत निघेल. ती यादी घेऊन संस्थाचालकांची आणि शिक्षकांची एक बैठक सांगलीत किंवा साताऱ्यात बोलवा. यंत्रांची निवड, टेबलाची मांडणी, सुरक्षेचे नियम आणि पहिल्या वर्षाच्या प्रयोगांचा आराखडा लिहून आणण्याची जबाबदारी मी आणि माझे काही सहकारी घेतो.

आपली विश्वासू,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका,
सांगली